हाँगकाँगचा रविवार

तेलात मिरच्या पडल्या आणि हॉटेलच्या खोलीत धुराचा भोंगा वाजायला लागला.

सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या मालकाकडं मी स्वयंपाकाला होते. घरचे सगळे हाँगकाँग बघायला निघाले. बाहेरचं अन्न त्यांना चालत नव्हतं. म्हणून ज्वारीचं पीठ, तवा, विजेची शेगडी आणि मी, सगळं सोबत घेतलं. खोलीत शिजवायचं नाही, असं दारामागं लिहिलेलं होतं म्हणे. मला कोण सांगतंय? उलट मालकीण, वैनीसाहेबच म्हणाल्या होत्या, "पिठल्याला झणझणीत फोडणी दे."

हॉटेलचा माणूस धावत आला. मागं हॉटेलात उतरलेल्या लोकांचा घोळका. वैनीसाहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "सर्व्हंट! सर्व्हंट!" मला इंग्रजी येत नाही, पण एवढा शब्द कळतो. लाजेनं कान तापले. मग मला म्हणाल्या, "तुझ्यापायी इज्जत गेली आमची. खाली जाऊन बस. हलू नको." आणि सगळे डोंगरावरून शहर बघायला गेले.

मी बसले. मग उठले. समुद्राकडं चालत गेले. आभाळाला जागा उरू नये इतक्या इमारती. बोटी. माणसंच माणसं, आणि ओळखीचं एक तोंड नाही. रडू आलं ते आलंच.

एका पुलाखाली बायकाच बायका. पुठ्ठे अंथरून बसलेल्या, डबे उघडलेले, कुणी कुणाची वेणी घालतंय. मला वाटलं, यांनाही हाकललं. एक आपल्याच देशातली वाटणारी बाई सरकली, मला जागा दिली.

"घर से निकाल दिया क्या?" मी विचारलं.

ती हसली. "नहीं दीदी. हम घरों में काम करते हैं. आज इतवार है, छुट्टी."

तिनं माझं नाव विचारलं. गावाहून निघाल्यापासून ते कुणी घेतलंच नव्हतं. मी ते दोनदा सांगितलं.

संध्याकाळी वैनीसाहेब ओरडल्या, "कुठं मेली होतीस? भाकऱ्या थाप."

"फोडणी तुमी सांगितली होती. त्ये त्या हाटेलच्या माणसाला तुमीच सांगा. आन् आज रविवार हाय. मी थापणार न्हाई."

सेलूला उतरल्या उतरल्या काम गेलं. आता परभणीत घरकाम करते. रविवारी बागेत एकटीच चटई टाकून बसते. गल्लीतल्या बाकीच्या बाया कामावर गेलेल्या असतात. एकटं वाटतं, लय वाटतं. तरी नवीन घर धरताना उंबऱ्याबाहेर उभी राहून आधी सांगते, "रविवारी येणार न्हाई. चालत न्हाई? मग दुसरी बघा."