नागूबाईच्या गाठीचा प्रकार

लोहारा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. नागूबाई माझ्याकडं पहिल्यांदा आली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. मेंढरांमागं उन्हातान्हात हिंडून रापलेला चेहरा, बोलणं मोजकं. छातीवर बोट ठेवून म्हणाली, "शिस्टर, हितं सुपारीएवढं कायतरी लागतंय. दुखत मातर न्हाय."

दुखत नाही म्हणाली, तिथंच मला भीती वाटली; अशी न दुखणारी गाठ कॅन्सरची असू शकते. त्याच आठवड्यात तिला आणि तिचा नवरा सिदू याला घेऊन मी सोलापूर गाठलं. गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि दहा दिवसांनी रिपोर्ट आला.

"तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आहेत," तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

सिदूनं लगेच हात जोडले. "निगेटिव्ह म्हंजी चांगलंच की! करोनात निगेटिव्ह आल्यावर घरी सोडत हुते."

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवला. मग त्यांनी सावकाश समजावलं. "ही गाठ कॅन्सरचीच आहे. पण सगळ्या गाठी सारख्या नसतात. काही बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर वाढतात, त्यांना रोजच्या गोळीनं आवरता येतं. काहींवर वेगळी इंजेक्शनं चालतात. तिन्ही निगेटिव्ह म्हणजे तुमच्या गाठीवर यातलं काही चालणार नाही. केमो घ्यावी लागेल, मग ऑपरेशन." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला झालं होतं?"

"आईकडं कुणाला न्हाय," नागूबाई म्हणाली. "माझ्या आत्याला मातर छातीला जखम झालती. पस्तिशीत गेली. लोक म्हणायचे, बाहेरचं हाय."

या प्रकारची गाठ, इतकं कमी वय आणि त्यात आत्या. कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष वडिलांकडून रक्तात उतरला असावा, असा डॉक्टरबाईंना संशय आला. तपासणीत तो खरा निघाला. नागूबाईची मुलगी प्रतीक्षा तुळजापूरला कॉलेजात होती. तिचंही रक्त तपासलं. तिच्यात दोष नव्हता. इतके दिवस डोळ्यांत पाणी न आणलेली नागूबाई ते ऐकून दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली.

मग डोळे पुसून तिनं मला विचारलं, "शिस्टर, माझ्या भावात आसंल का ह्ये? त्याला दोन लेकी हायत."

"असू शकतं," मी म्हणाले. "असण्या-नसण्याची शक्यता निम्मी निम्मी."

तिसरी केमो झाल्यावर, धड चालवत नसताना, ती मुरुमला भावाकडं गेली. सोबत मी होते. भाऊ बिभीषण यानं सगळं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"अक्का, गड्याला कसला आलाय ह्यो आजार? आन् आमच्या हर्षालीची सोयरीक ठरत आलीय. पाव्हण्यांच्या कानावर गेलं तर?"

नागूबाईनं डोईवरचा पदर खाली घेतला. डोक्यावर एक केस नव्हता. "आत्याच्या टायमाला कुणाला काय ठावं नव्हतं. मला आता ठावं झालंय. म्या गप बसले आन् उद्या तुझ्या लेकीचं आसं झालं, तर तिला त्वांड कसं दावू?"

बिभीषण उठून बाहेर निघून गेला. परतताना जीपमध्ये ती एकच वाक्य बोलली, "त्याचा राग खरा हाय, पण म्या चुकले न्हाय."

दोन आठवड्यांनी हर्षाली एकटीच उपकेंद्रात आली. वय चोवीस. त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. "आत्या म्हणते ते खरंय का?" तिनं विचारलं. मी तिला डॉक्टरबाईंकडं नेलं. तिच्या रक्तात तो दोष सापडला.

"याचा अर्थ तुला कॅन्सर आहे असा नाही," डॉक्टरबाईंनी बजावलं. "धोका इतर बायकांपेक्षा बराच जास्त आहे. म्हणून दरवर्षी तपासायचं. काही आढळलं तर लवकर आढळेल."

हर्षालीनं घरीही आणि होणाऱ्या नवऱ्यालाही स्वतःच सांगितलं. मुलगा आठवडाभर फोनवर नीट बोलत राहिला, मग त्याच्या घरून नकार आला. बिभीषणनं बहिणीचं नाव टाकलं. दोन महिने तिला फोन नाही.

नागूबाईच्या ऑपरेशनच्या दिवशी मात्र तो सोलापूरला आला. सिदूच्या शेजारी बाकड्यावर सकाळपासून बसून राहिला. तिला बाहेर आणलं तेव्हा तो तिच्या पायाशी उभा राहिला. तिनं डोळे उघडून विचारलं, "जेवलास का?" त्यानं तिच्या पायांवरची चादर नीट केली.

याला दोन वर्षं झाली. नागूबाईच्या तपासण्या आजवर नीट आल्यात. ती पुन्हा मेंढरांमागं जाते, ऑपरेशनच्या बाजूचा डावा हात मात्र फार उचलत नाही. हर्षाली मुरुमच्या शाळेत शिकवते. यंदा तिच्या तपासणीला बिभीषणच तिला घेऊन गेला, आणि धाकटीला कधी आणायचं, हेही त्यानं डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ती सज्ञान होऊ दे. मग तिचं तिला ठरवू दे."