सव्वीस वर्षांची सासू

माझ्या सासूबाई सव्वीस वर्षांच्या आहेत. च्युइंगम चघळतात, संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतात आणि माझ्या अठ्ठावन्न वर्षांच्या नवऱ्याला 'लेकरा' म्हणून हाक मारतात.

पहिल्या सासूबाई, उलायुक, देवाघरी गेल्या त्याच हिवाळ्यात शेजारी मुलगी झाली आणि तिला त्यांचं नाव मिळालं; आमच्या या बर्फाळ उत्तरेत नावाबरोबर माणूसच परत येतं असं मानतात. तेव्हापासून माझा नवरा जायपिटी तिला आईच म्हणतो. ती रांगत होती तेव्हाही त्याने मारलेल्या सीलच्या काळजाचा पहिला तुकडा तिच्या घरी जायचा. आमचे पाद्री सांगतात, आत्मा देवाकडे जातो. जातोच. पण नाव इथे राहतं आणि त्याला माणसाची ऊब लागते. या दोन्हींवर माझा विश्वास आहे आणि प्रार्थनेत त्यांचं कधी भांडण झालेलं नाही.

धावपट्टीजवळची तीन खोल्यांची निळी इमारत म्हणजे आमच्या गावातलं कॉलेज. मोठं कॉलेज दोन विमानं बदलून जावं इतकं लांब. उलायुक तिकडे शिकायला गेली. तिकडेच राहणार असं सगळे म्हणत होते, पण ती शिक्षिका होऊन परत आली.

त्याच सुमारास जायपिटीचे गुडघे गेले. बर्फावरचे लांबचे पल्ले संपले. वीजघरात मदतनीस हवा होता आणि त्यासाठी कॉलेजचा वर्ग पास करावा लागे; तो वर्ग आता उलायुकच घ्यायची. याआधी दोनदा तो असल्या वर्गांना बसला होता. दोन्ही वेळा दक्षिणेकडून आलेल्या तरुण मास्तरांनी सगळ्यांसमोर त्याची चूक काढली. तो हसला, चहा प्यायला म्हणून बाहेर पडला आणि परत गेलाच नाही. भांडण नाही, तक्रार नाही. या खेपेला तो तसाच उठून आला, तर उरलेली वर्षं खिडकीशी बसून काढणार हे मला दिसत होतं.

परीक्षेच्या सकाळी त्याने नेहमीसारखा मासा नेला. कॉलेजची चूल पेटवायचं माझ्याकडे असतं, म्हणून मी तिथेच होते. परीक्षा बघायला प्रेंटिस नावाचे तपासनीस विमानाने आले होते.

"आई, हा तुझा," म्हणत जायपिटीने मासा टेबलावर ठेवला.

लाच की काय, म्हणून प्रेंटिस मासा बघून ताठ झाले. "हे परीक्षार्थी तुमचे कोण?"

"मुलगा," उलायुक म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं. मागच्या बाकावरची पोरं खिदळायला लागली.

"आणि मी सून," मी म्हटलं. तेवढाच हातभार.

सगळं समजावून सांगितल्यावर बिचारे हसले, पण नियम तो नियम. नातेवाइकाचा पेपर ते स्वतः तपासणार. "तपासा की," उलायुक म्हणाली. "निकाल मात्र मी सांगणार."

दुपारी त्यांनीच तिला बोलावलं. जायपिटी थोडक्यासाठी नापास होत होता. "वयस्कर माणूस आहे. एका उत्तराला थोडे जास्त गुण देता येतील मला," ते हळूच म्हणाले.

उलायुकने ते उत्तर वाचलं. "नको," ती म्हणाली आणि पेपर घेऊन तडक आमच्या घरी आली. मी तिच्या मागोमाग पळत. वाटेत देवाला म्हटलं, हिची जीभ जरा मऊ कर.

"नापास झालास," तिने दारातच सांगितलं.

जायपिटी हसला. तेच हसणं. त्याने टोपी उचलली. "जरा बाहेर जाऊन येतो."

"बस खाली."

"आई, अगं, त्या पोरांसमोर आता काय तोंड..."

"तोंडाचं मरू दे. हात दाखव." तिने त्याचा हात धरला. "यंत्र बिघडलं तर पहिलं काय करशील, असं विचारलं होतं. तू लिहिलंस, हात लावून बघेन. वीज बंद न करता? कुलूप न लावता? आणि मागून कुणी बटण दाबलं तर?"

"मी इंजिनं अशीच दुरुस्त करत आलोय."

"ती बर्फावरच्या स्लेजगाड्यांची. हे वीजघर आहे." तिचा आवाज फाटला. "मी एकदा मेलेय, लेकरा. तुला मेलेलं बघायला परत आलेली नाही."

चूक पुन्हा निघालीच होती, पोरांसमोरची लाजही तीच. पण परक्या मास्तराकडे पाठ फिरवणारा माणूस आईकडे कशी फिरवणार? टोपी मांडीवर घेऊन तो खाली बसला.

"पुढचा वर्ग कधी?"

"पुढचा कशाला? आत्ता." तिने पिशवीतून लाल कुलूप आणि त्याच्या नावाची पट्टी काढली आणि त्याला आमच्या भिंतीवरच्या विजेच्या पेटीपुढे उभं केलं. त्याने मुख्य बटण पाडलं, कुलूप घातलं, स्वतःच्या नावाची पट्टी अडकवली, किल्ली खिशात टाकली. वीज खरंच गेलीय ना, ते तपासलं. मग हात पुढे नेला.

"पट्टी विसरला असतास. मी तिच्याकडे बघितलं म्हणून तुला आठवली. पुन्हा."

"सासूबाई," मी म्हटलं, "किटली विजेची आहे हो. चहा व्हायचाय."

"थांबू दे चहाला. पुन्हा, लेकरा."

जायपिटी कुरकुरला, "म्हातारी सोडत नाही," आणि त्याने कुलूप काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.