दुपट्ट्याखालचा रोबोट

लकव्यानं माझा उजवा हात गेला तेव्हा नातेवाइकांनी सगळ्यात आधी देवाचे आभार मानले. जीभ शाबूत राहिली म्हणून. बायको तेवढी गप्प होती. या जिभेसोबत तिनं अर्धं आयुष्य काढलेलं. तिला कोणी विचारलं असतं तर तिनं तिथल्या तिथं अदलाबदल करून घेतली असती.

खरं सांगतो, मीही घेतली असती. मी बैलांचा दलाल. बी.ए. झालो, नोकरी लागली नाही, म्हणून बापाच्या मागं दारव्ह्याच्या बैलबाजारात जाऊन उभा राहिलो, तो अजून तिथंच आहे. आमच्या धंद्यात जीभ खोटं बोलायला लागते, खरं बोलतात ती बोटं. दोन दलाल समोरासमोर बसतात, हातांवर दुपट्टा टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरतात. मूळ किंमत उघड ठरते, वरचे हजार बोटांवर: दोन बोटं धरली तर दोन हजार, तीन धरली तर तीन, सारा पंजा दाबला की पाच. वर तोंडानं 'हे बैल हायेत का शेळ्या?' चाललेलं असतं, खाली भाव चढत असतो. भोवती अख्खा बाजार उभा राहिला तरी आकडा कोणाला कळत नाही. आणि हा सौदा डाव्या हातानं करायचा नसतो. डावा हात पुढं केला की समोरचा दुपट्टा झटकून उठून जातो. तेव्हा माझं दुकान बंद झालं होतं हे कोणी सांगायची गरज नव्हती.

पाय हळूहळू वळणावर आला, लंगडत का होईना. हात मात्र, कोणीतरी सांभाळायला दिलेल्या पिशवीसारखा खांद्याला लोंबत होता. तेलं झाली, अंगारे झाले. मग कळलं की यवतमाळात एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात रोबोट आला आहे आणि तो लकव्याच्या हाताला कामाला लावतो. मी इस्त्रीचा सदरा घातला. रोबोटासमोर गबाळं कसं जायचं? आत शिरल्याबरोबर कोपऱ्यात एक उंच, पांढरं, दिवे लुकलुकणारं यंत्र दिसलं. मी मान लववून नमस्कार केला.

"काका, तो पाण्याचा फिल्टर आहे," फिजिओ मॅडम म्हणाल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. "रोबोट हा."

त्यांच्या हातात एक काळा हातमोजा होता. प्रत्येक बोटाच्या पाठीवरून रबरी नळी गेलेली, नळ्या एका डब्याला जोडलेल्या, डबा कमरेला बांधायचा. कोपराखाली एक पट्टा, त्यात नसांची चाहूल घेणारे सेन्सर. हे सगळं अंगावर चढवताना मला पोळ्याचा बैल आठवला. आयुष्यभर बैलांना साज चढवला, आता माझी पाळी.

"तुम्ही फक्त मनापासून प्रयत्न करायचा," मॅडमनी समजावलं. "मूठ मिटायची किंवा उघडायची. स्नायूत थोडी जरी हालचाल झाली तरी पट्टा ओळखतो, आणि उरलेलं काम हवा करते. पण सुरुवात तुमची पाहिजे. तुम्ही काहीच केलं नाही तर तोही काही करणार नाही."

म्हणजे अगदी माझ्या स्वभावाचा प्राणी. 

समोर पडद्यावर एक रेघ होती. मी मूठ मिटायचा प्रयत्न केला, रेघ आडवीच. दात खाल्ले, श्वास कोंडला, डाव्या पायाचा अंगठा वर आला, रेघ आडवी. असे कितीतरी दिवस गेले. एस.टी.नं जायचं, आडवी रेघ पाहायची, परत यायचं. एक दिवस कंटाळून मी डोळे मिटले आणि बाजारात जाऊन बसलो. मनातच. समोर नेर गावाकडचा तो दलाल, माझा जुना दोस्त आणि त्याहून जुना वैरी. दुपट्टा पडला. त्यानं माझी दोन बोटं धरली. लेका, या जोडीचे दोन? थांब, मी तुझी...

"काका!" मॅडम ओरडल्या. डोळे उघडले तर रेघ उडी मारून वर गेलेली, डब्यात फुस्स आवाज झाला आणि माझी बोटं, महिन्यांनी, माझ्या डोळ्यांदेखत मिटली. 

"काय केलं तुम्ही आत्ता?"

"सौदा केला!"

मी इतक्या जोरात ओरडलो की बाजूच्या खोलीतला पेशंट चालायच्या मशीनवर थांबला. पण मॅडमही काही कमी नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या हातांवर चक्क टॉवेल टाकला. "आजपासून हाच व्यायाम. जे काम मनापासून करावंसं वाटतं, त्यानं मेंदू लवकर शिकतो. बोला, बैल काय भावानं?" आठवड्याभरात त्या माझ्याशी अशी घासाघीस करायला लागल्या की मी बैल विकायला गेलो असतो तर नागवला जाऊन परत आलो असतो.

मनगटासाठी त्यांनी घड्याळासारखा एक पट्टाही दिला होता. उजवा हात बराच वेळ रिकामा राहिला की तो गुरगुरायचा, आणि दिवसभराचा हिशेब मॅडमच्या मोबाइलवर जायचा. दोन दिवसांत मी त्या गुरगुरीला वैतागलो आणि पट्टा डाव्या हाताला बांधला. पुढच्या खेपेला मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "काका, चमत्कारच झाला. तुमचा उजवा हात रोज सकाळी दात घासतो. जरा घासून दाखवता?" बायको शेजारीच होती. एस.टी.त दारव्ह्यापर्यंत ती हसत आली.

पण प्रगती खरी होती. मूठ मिटायची, हवेच्या मदतीनं उघडायचीही. मॅडमनी बजावलं, "आवळणं सोपं असतं काका, कधी कधी तर हात आपोआपच आवळतो. अवघड आहे ते सोडणं. एक बोट स्वतःच्या ताकदीनं उघडलंत, तर पुढचा रस्ता मोकळा." आणि सरावासाठी हातमोजा काही दिवस घरी दिला. घरी. हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

पेरणीच्या आधीचे बाजार म्हणजे आमचा हंगाम. गुरुवार-शुक्रवार मला माहीत नाही, मला फक्त बाजाराचा दिवस कळतो. त्या दिवशी सकाळीच मी हातमोजा चढवला, वरून सदऱ्याची लांब बाही ओढली.

"मॅडमनं घरी वापराले सांगतलं न?" बायको म्हणाली. "बाजारात कायले नेता?"

"बाजार म्हंजे माहं घरच हाये."

"मंग मलेबी घेऊन चाला त्या घरी." आणि तिनं डबा स्वतः माझ्या कमरेला बांधून दिला. मला वाटलं, काय माऊली आहे!

नेरकडच्या दलालानं मला पाहिलं आणि लांबूनच आरोळी ठोकली, "अबे, जित्ता हायेस काय? मले वाटलं, आता बाजारात माहंच राज्य!" त्याच्याकडे एक देखणी चौदाती, म्हणजे चार दात आलेली ऐन उमेदीची, जोडी होती. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला ती हवी होती. मूळ किंमत उघड ठरली, वरचे हजार ठरायचे होते. शेतकऱ्यानं कानात सांगितलं, तीनच्या वर जाऊ नका. मी दोनपासून सुरू करणार होतो. दुपट्टा पडला, मी हात आत सरकवला. किती दिवसांनी! त्याची बोटं हाताला लागली, मी दोन धरायला गेलो आणि माझ्या मुठीनं त्याचा अख्खा पंजा गच्च आवळला.

पाच!

"बाप्पा!" तो दचकला. "एकाच दमात? मंजूर! झाला सौदा!"

"थांब थांब, मशीननं धरलं ते, म्या नाही!" मी बाही वर केली. नळ्या पाहून लोक जवळ सरकले.

"मशीन बोलो का माणूस, पंजा दाबला म्हंजे दाबला. आता सोड, बोटं मोडून राह्यला तू माही!"

सोडता येईना. जितका घाबरलो तितकी मूठ घट्ट झाली. मी बायकोला हाक मारली, "अवं, मशीन बिघडली! बटन दाब!"

ती शांतपणे आली. "कोणतं बटन? बॅटरी त माह्या पिशवीत हाये. दवाखान्याची वस्तू, धुळीत खराब झाली त? म्या सकाळीच काढून ठेवली."

मी डब्याकडे पाहिलं. दिवा बंद. बाजाराच्या गोंगाटात फुस्स आवाज आला नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे ही मूठ... ही माझी होती! वरचे दोन हजार माझ्या खिशातून जाणार होते आणि मी लहान पोरासारखा ओरडत होतो, "म्या धरलं! म्या स्वतः धरलं बे!"

मग मॅडमचे शब्द आठवले आणि हवा गेली. आवळणं सोपं असतं. मी दोस्ताला सगळं सांगून टाकलं. त्याचा पंजा अजून माझ्याच मुठीत होता. 

"असं कर गड्या. जेवढी बोटं तू आपल्या ताकदीनं सोडशील, तेवढे हजार कमी. बोल."

"काहून?"

"तुह्याशिवाय बाजारात मजा नाही राह्यली म्हून. सोड आता, लेका, मुंग्या आल्या मले."

बायकोनं दुपट्टा उचलला. सौदा सुरू असताना दुपट्टा उचललेला मी कधी पाहिला नव्हता. तिनं हातमोज्याचे पट्टे सोडून तो अलगद काढून घेतला. उघडी, पांढुरकी पडलेली माझी मूठ अख्ख्या बाजारासमोर होती. मी डोळे मिटले. लेका, पाच कुठचे, चार देतो... चार...

"हाललं!" कोणीतरी म्हणालं.

पहिलं बोट थरथरलं, थांबलं, आणि वासरू पहिल्यांदा उभं राहावं तसं डगमगत वर आलं. शंकरपटाच्या शर्यतीत जोडी सुटल्यासारखा गलका उठला. "एक!" माझी बायको सगळ्यांच्या वर ओरडली. ती बाजारात ओरडू शकते हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. 

दुसरं बोट अर्ध्यावर येऊन अडलं. घामाघूम झालो, पुढं जाईना.

"अर्ध्या बोटाचा भाव नसते," दोस्त म्हणाला.

"बैल लंगडा असला त चार पायाचाच मोजतो न तू?" बायकोनं टोला दिला. लोक हसले. तो हरला. तीनवर सौदा झाला, आणि त्यानं सैल मुठीतून ओढून काढलेला आपला पंजा चोळत चोळत सगळ्यांना चहा पाजला.

संध्याकाळी जीपमध्ये खच्चून माणसं होती. मांडीवरचा हात रिकामा पाहून मनगटावरचा पट्टा गुरगुरला. बायकोनं दुपट्टा ओढून आमच्या हातांवर टाकला आणि खालून माझी मूठ धरली.

"एक बोट सोडलं त उद्या पुरणपोळी," ती हळूच म्हणाली.

सोडलं. थरथरत, पण सोडलं.

"आन् सारा पंजा उघडला त?" मी विचारलं.

"त उद्यापासून भांडे तुमी घासाचे."

मी मूठ गच्च आवळली. मॅडमनी सांगितलंच होतं, ते सोपं असतं.