मावशींच्या नसत्या चौकशा

गेल्या महिन्यात एका सोमवारी ऑफिसला दांडी मारून मी ठाकूरद्वारला बाबांकडे गेले होते. दुपारी मी केलेली साबुदाण्याची खिचडी खाऊन बाबा आत झोपले होते... आणि बेल वाजली.

दारात भारतीमावशी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासळी घेऊन बसतात, कफ परेडच्या मच्छीमार नगरातून येतात. आई होती तेव्हापासून आमच्याकडे त्यांचीच मासळी, पण दोन जिने चढून वर आलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बाय, काका कुठं हायत? जेवले काय? घरात पाहुने आलेत काय? औषध कसलं चालू हाय?" एका दमात चार प्रश्न.

मी वैतागले. एक तर मी दिवसभर पगार घेऊन हेच काम करते. नोकरीला लागणाऱ्या लोकांचं व्हेरिफिकेशन करणारी आमची कंपनी... माणूस सांगतो तिथे खरंच राहतो का, आधीची नोकरी का सोडली, सगळं फोनवर गोड बोलून काढून घ्यायचं.

त्यात मी वाडीत वाढलेली. पोलीस करतात तो तपास, बँक करते ती पडताळणी, लग्न जमवताना मुलीच्या शेजाऱ्यांना गाठून करतात ती म्हणे 'जरा चौकशी'... आणि दारात उभं राहून दुसऱ्याच्या घरात डोकावतात तो शुद्ध भोचकपणा! मावशींना मी तिथल्या तिथे शेवटच्या खात्यात टाकून मोकळी झाले.

बाबा बरे आहेत, तुम्हाला काय हवं होतं... असं जरा तोडूनच बोलले.

मावशींनी आवाज खाली आणला. "आज सोमवार हाय ना, बाय? काका सकाली बोंबील मागत होते."

मी गारच पडले.

ते सोमवार मूळचे आईचे. आजारपणात तिला उपास झेपेनात, तेव्हा बाबा म्हणाले, तुझे सोमवार आता मी करतो. ती गेली त्याला सहा वर्षं झाली, बाबांनी एकही मोडलेला नाही. हा माणूस सोमवारी सकाळी पिशवी घेऊन बोंबील आणायला गेला होता!

बाबा उठल्यावर मी सहज विचारल्यासारखं केलं, आज वार कोणता हो? बुधवार, ते ठामपणे म्हणाले आणि चहा मागितला. माझ्या डोक्यात नको नको ते आजार येऊन गेले. गॅसपाशी उभी राहून मी रडून घेतलं आणि तसंच त्यांना जवळच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, हे कधीपासून आहे?

मी रोज सकाळी ऑफिसला जाताना बाबांना फोन करते. गोळी घेतली? हो. नाश्ता झाला? हो. बरं आहे ना? हो... असे वर्षानुवर्षांचे 'हो' माझ्याजवळ जमा होते, पण डॉक्टरांना सांगायला एक वाक्य नव्हतं. तेव्हा स्वतःची जितकी चीड आली तितकी आजवर कधी आली नव्हती.

शेवटी तिथूनच मावशींना फोन लावला. निघताना त्यांनी नंबर दिला होता, मी मागितलाही नव्हता. स्पीकरवर त्या अगदी सविस्तर बोलल्या. "तीन सोमवार झाले, डॉक्टर. आदी काका एकेका मासलीचे कल्ले उचलून बगायचे, माज्याशी भांडायचे. आता जे देईन ते घेतात. आनि गेल्या आठवड्यापासून चालताना भिंतीला हात लावतात." डॉक्टर भराभर लिहून घेत होते.

रक्त तपासलं तर सोडियम फारच खाली गेलेलं. ब्लडप्रेशरच्या गोळीमुळे होतं म्हणे कधी कधी. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर फिट आली असती, असं डॉक्टर म्हणाले. ॲडमिट केलं, सलाईन लागलं, गोळी बदलली... आणि चौथ्या दिवशी बाबांनी पेपर मागून घेतला आणि शब्दकोडं सोडवायला बसले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. सोमवार, बोंबील, बुधवार, सगळं. मला वाटलं, घाबरतील, आजाराबद्दल काही विचारतील. बाबांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं.

"मग मी... खाल्ले का गं?"

एवढंच विचारलं त्यांनी.

नाही हो बाबा. तीनही सोमवारी मावशींनी टोपलीवर फडकं ओढून 'संपले' म्हणून सांगितलं तुम्हाला. टोपली भरलेली होती. सोमवारी तसंही गिऱ्हाईक कमी, तरी. का दिले नाहीत असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "काका इसरले, मी कशी इसरू?"

बाबांनी चादर तोंडावर ओढून घेतली. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी नुसती त्यांच्या पायांवर हात ठेवून बसले.

विचारपूस हा शब्द आपण किती सहज वापरतो. माझ्या त्या सकाळच्या फोनलाही मी मनातल्या मनात तोच शब्द वापरायचे... आता जीभ अडखळते.

मावशी, तुम्ही फेसबुकवर नाही, पण तुमची सून आहे. ती वाचून दाखवेल. आमच्या घराच्या अशाच नसत्या चौकशा करत राहा. आणि माफ करा... दोन जिने चढून तुम्ही आला होतात, मी तुम्हाला साधं आत या म्हटलं नाही.