आक्कानं ओळखलेला म्हातारा

जो आमच्या घराला मेला होता, त्याला जिनं घरी आणलं, ती आक्का आज सकाळी गेली.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. वय पंच्याण्णव. शेवटपर्यंत कान आणि जीभ, दोन्ही शाबूत.

ही गोष्ट तिच्याच तोंडून शंभरदा ऐकलीय. आज मी सांगतो.

स्वातंत्र्याच्या आधीचं वर्ष. आक्का पंधराची. तिचा थोरला भाऊ शिवा, म्हणजे माझे आजोबा, चार वर्षांपूर्वी नाटक कंपनीबरोबर पळून गेलेला. ना पत्र, ना निरोप. कंपनी बुडाली, एवढंच कानावर आलेलं.

त्यांचे वडील आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीवर मुकादम. एकदम कडक. "त्यो आमाला मेला," म्हणाले आणि विषय संपवला. घरात नाटक-सिनेमाचं नाव बंद.

आई मात्र रोज एक भाकरी जास्त थापायची.

त्या वर्षी आक्का बेळगावला खासबागेत मावशीकडे गेली. मावशीनं तिला गुपचूप दुपारच्या शोला नेलं. आयुष्यातला पहिला सिनेमा.

कोर्टाचा सीन. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा साक्षीला येतो. जेमतेम अर्धं मिनिट. त्याला बघताच थिएटरात हशा.

मावशी म्हणाली, "ह्यो म्हातारा लई नामी हाय बघ. परत्येक शिनेमात असतोय."

वकील नाव विचारतो. म्हातारा टोपी काढतो, आत फुंकर मारतो, गुडघ्यावर दोनदा आपटतो, परत घालतो. मग खोकत खोकत बोलतो.

आक्का उभीच राहिली.

"मावशी, ह्यो आमचा दादा!"

"खुळी का काय गं? दाढी बघ की त्येची!"

"दाढी म्हाताऱ्याची हाय. हात बघ. हात पोराचं हाईत."

आणि ती टोपीची तऱ्हा अख्ख्या निपाणीत एकाच माणसाची होती. आप्पांची.

खात्री करायला ती दुसऱ्या दिवशी परत गेली. मग मोटार धरून थेट निपाणी. आप्पा जेवून बसलेले. आक्कानं सरळ सांगितलं. सिनेमा बघितला, हेसुद्धा.

आप्पांनी टोपी काढली. फुंकर मारली. आणि हात तिथंच थांबला.

"अस्सं करतोय त्यो?"

"अस्संच."

"लोक हसत्यात?"

"हसत्यात. पर मायेनं हसत्यात, आप्पा."

आप्पा उठून आत गेले. आतून आईचा रडण्याचा आवाज आला. त्या घरात चार वर्षांत ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

दुसऱ्या दिवशी आप्पा आक्काला घेऊन बेळगावला. तोच शो. सगळे हसले, आप्पा नाहीत.

बाहेर आल्यावर म्हणाले, "खोकायचं जरा जास्ती केलंय. मी एवढा खोकत न्हाय."

सिनेमा कोल्हापूरच्या स्टुडिओत बनलाय, हे थिएटरवाल्यानं सांगितलं. तिथून तसेच दोघं कोल्हापूरला. स्टुडिओच्या गेटवर माणसानं अडवलं. कोण पाहिजे?

"म्हातारा करतोय त्यो."

"तुम्ही कोण?"

"त्यो ज्येची नक्कल करतोय, त्यो मी."

शिवा मेकअपमध्येच बाहेर आला. वय चोवीस, दाढी सत्तरची. बापाला बघून पाया पडायचंसुद्धा सुचेना.

आप्पा एवढंच म्हणाले, "दाढी काढ. आई वाट बघतीया."

आजोबा त्या दिवशी घरी आले. आप्पांनी कंपनीचा, स्टुडिओचा, कशाचाच जाब विचारला नाही. पुढं आजोबांनी कामही सोडलं नाही. आणखी काही वर्षं म्हातारे केले, मग निपाणीतच संसार थाटला.

तो सिनेमा आता कुठंच सापडत नाही. मी खूप शोधला. श्रेयनामावलीत आजोबांचं नाव नव्हतंच म्हणे.

एकदा मी आक्काला विचारलं होतं, "तुझा अंदाज चुकला असता तर गं?"

"आप्पांचा मार खाल्ला असता. एक दिस दुखलं असतं. त्यात काय?"

आक्काचा नवरा लवकर गेला. तिला मूलबाळ झालं नाही.

आज दुपारी तिला पोचवायला आम्ही एकवीस जण होतो. सगळे तिच्या दादाची मुलं, नातवंडं, पतवंडं. खांदा द्यायला रांग लागली. माझा नंबर वेशीजवळ आला.

आक्का, नमस्कार करतो गं. सुखानं जा.