तेहतीस कोटींवर थांबलेलं बोट

विठ्ठलवाडीला आमच्या चाळीत आईची गणिताची शिकवणी चालायची. शेवटी एक खेळ ठरलेला. आई संख्या म्हणणार. ती मूळ असली, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नसला, तर फरशीवर थाप मारायची. भाग जात असला तर गप्प बसायचं. सुरुवात एकतीसपासून. मग तीनशे एकतीस, तीन हजार तीनशे एकतीस, असा डावीकडे एकेक तीनचा आकडा वाढवत जायचा. सगळ्या मूळ! थापा नुसत्या कडाडायच्या. आणि तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस आलं, की त्याच तालात आम्ही थाप मारून मोकळे. ‘गेलात वाहवत, मेंढरांनो! सतराने भाग जातो त्याला,’ आई खदखदून हसायची. सख्खी मुलगी असून दरवेळी पहिली फसायचे मीच.

मागच्या वर्षी आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. कळव्याच्या हॉस्पिटलात ती नुसती पडून. डोळे उघडे, पण ओळख नाही. उजव्या हाताचं एक बोट तेवढं अधूनमधून हलायचं. डॉक्टर म्हणाले, ते आपोआप हलतं, त्यात अर्थ शोधू नका.

दादा म्हणाला, ‘घरी नेऊ. उगाच हाल कशाला तिचे?’

घरी नेणं म्हणजे नळ्या काढायच्या आणि वाट बघत बसायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘आई आहे ती, सामान नाही उचलून न्यायला!’ मी खूप भांडले. पण अ‍ॅम्ब्युलन्स खाली येऊन उभीसुद्धा राहिलेली.

काय सुचलं कोण जाणे, मी तिच्या कानाशी वाकले. ‘आई, एकतीस?’

बोट गादीवर आपटलं. थप्प.

अंगावर सर्रकन काटा आला. ‘दादा, बघ रे!’

‘अगं, ते तसंही हलतं. तू काहीही विचार.’

‘तीनशे एकतीस?’ थप्प. पुढची, त्याच्या पुढची, प्रत्येक संख्येला थप्प. माझा आवाज चढत गेला. नर्स दारात येऊन उभी राहिली. ‘तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस?’

बोट हललंच नाही.

मी परत विचारलं. काही नाही. म्हणजे दादाचंच खरं होतं, आणि मी वेड्यासारखी ओरडत होते. मी हमसाहमशी रडायला लागले. ‘ने रे बाबा, ने तिला घरी.’

दादा जागचा हलला नाही. चेहरा पांढराफटक पडलेला.

‘अगं बावळट,’ तो कसाबसा म्हणाला, ‘तिथे गप्पच बसायचं असतं ना!’

मी डोळे पुसले. परत तिच्या कानाशी वाकले.

‘आई... सोळा?’

काही नाही.

‘सतरा?’

थप्प.

दादा अ‍ॅम्ब्युलन्स परत पाठवायला जिन्यावरून धावत सुटला. मी आईच्या हातावर कपाळ टेकलं. ‘आई,’ म्हटलं, ‘मी परत फसले गं.’