मानेवरची दोन जांभळी बोटं

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. देवरुषी, अंगात येणं, भूतखेत, सगळं माझ्या वडिलांनी छप्पन सालीच घराबाहेर काढलं. लहानपणी भुताचं नाव काढलं तरी मुस्काटात बसायची. त्यामुळे खालचं वाचून कुणी मला शहाणपण शिकवू नये... मी स्वतःला इतकी वर्षं तेच शिकवतोय, काडीचा उपयोग झालेला नाही.

गोष्ट पंच्याहत्तरच्या आसपासची. येलदरी धरणाजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, पोरांच्या तोंडातल्या फोडांना ते जांभळं औषध लावायचं. ते एकदा बोटाला लागलं की साबणाच्या बापालाही निघत नाही. माझ्या उजव्या हाताची बोटं बारा महिने जांभळी असायची.

माझ्याच गावात मोठ्या जमीनवाल्यांचं एक घर होतं. त्यांची सून रुक्मिण, वीस-बाविसाची. तिचं हृदय मधूनच असं सुसाट सुटायचं की नाडी मोजता येऊ नये. सासू म्हणायची, वारं लागलंय. एकदा मात्र सासूनं तिला दवाखान्यात आणलं आणि स्वतः बाहेर पायरीवर बसली. आत डॉक्टरांनी मला दाखवलं — जबड्याखाली जिथं नाडी लागते ती शीर, एकाच बाजूची, दोन बोटांनी दाबून चोळायची आणि दहा मोजायचे. "कर तू," म्हणाले. मी केलं. आठ म्हणेपर्यंत तिचं हृदय जागेवर आलं.

हात कुणाचा होता हे रुक्मिणनं घरी सांगितलं नाही. त्या घरात शिवाशिव कडक होती, आणि आमच्या सावलीचाही विटाळ मानणारी सासू तिला चांगली माहीत होती.

दोन महिन्यांनी सकाळी त्यांच्या गड्याचा निरोप आला, पुन्हा तसंच झालंय म्हणून. डॉक्टर नसबंदीच्या शिबिराला गेलेले. जीप होती, ड्रायव्हर गफूरमामू होते आणि मी. परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, जीप त्यांच्या दारात नेली. मी मागं रुक्मिणजवळ बसायला गेलो तर सासू म्हणाली, "तू फुडं बस. मागं आमी दोघीच. हात लावायचा न्हाई."

बसलो पुढं. सरकारी नोकर ना मी, पण गाव सरकारचं नव्हतं.

जिंतूर मागं पडलं तशी रुक्मिणला धाप लागली. मी मान वळवून बघत होतो, तिच्या गळ्याची शीर नुसती फडफडत होती. मी म्हणालो, "तोंडावर गार पाणी मारा, त्यानं पण थांबतं कधी कधी." त्यांचा तांब्या खड्ड्यात सांडलेला. मी माझी बाटली मागं केली. सासूनं बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पदर सावरला. मी बाटली परत घेतली.

तेवढ्यात रुक्मिण म्हणाली, "भाऊ... मागल्या खेपंला दाबली तशी शीर दाबा की."

सासू सावकाश म्हणाली, "मागल्या खेपंला?"

मी मामूंना जीप थांबवायला सांगितली, मागं जातो म्हणालो. मामूंनी गाडी हळू केली.

"थांबिवली तर हितंच उतरवून घेते हिला," सासू म्हणाली. "आन् ह्याची माय बहिणी गावातच ऱ्हात्यात. ते आमी बघून घेऊ."

मामूंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, चला.

भ्यालो. दुसरा शब्द नाही.

बोरीच्या अलीकडं रुक्मिणनं डोळे फिरवले. मागून आवाज येईना. माझ्यासमोर जीपची धरायची लोखंडी दांडी होती. ती मी घट्ट धरली आणि कशासाठी कुणास ठाऊक, त्या दांडीवर दोन बोटं दाबून मनात मोजायला लागलो. एक... दोन... आठला मागून मोठा श्वास ऐकू आला.

रुक्मिण म्हणाली, "थांबलं."

सासूनं हात जोडले. "देवानं ऐकलं."

परभणीला डॉक्टरांनी रुक्मिणची नाडी बघितली, अगदी व्यवस्थित. मग तिची मान वळवली आणि खूश होऊन म्हणाले, "वा! कुणी दाबली शीर? त्यानं जीव वाचवला हिचा."

तिच्या जबड्याखाली उजव्या बाजूला दोन जांभळे डाग होते. बोटांचे. शेजारी-शेजारी, रेषासुद्धा दिसत होत्या.

सासूनं डाग बघितले, मग माझा हात बघितला. तेव्हा मीही बघितला. माझी तीन बोटं जांभळी होती. अंगठ्याशेजारची दोन... स्वच्छ, धुतल्यासारखी.

मी म्हणालो, "मी हात लावला नाही." तीनदा म्हणालो. गफूरमामू म्हणाले, "बाई, अल्लाकसम, ह्याचा हात माज्या बाजूला दांडीवर व्हता." सासूनं काही ऐकलं नाही.

निघताना रुक्मिण मला हळूच म्हणाली, "असू द्या भाऊ. तुमी भ्यायलाव, कळतंय मला. पन तुमचीच बोटं व्हती, लय गार व्हती. मी इसरणार न्हाई."

तिच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईनं पुढचं सांगितलं. सासूनं रुक्मिणची मान आधी शिकेकाईनं, मग राखेनं, मग विटेच्या तुकड्यानं घासली. कातडी गेली. डाग मात्र खालच्या मांसावरही होता म्हणे. खरंखोटं मला ठाऊक नाही, मी बघितलेलं नाही.

दीडेक महिन्यानं तिला पुन्हा झटका आला, ऐन दुपारी. जीप आमच्या दवाखान्यासमोर लिंबाखाली उभी होती. गफूरमामू बोनेट पुसत होते, मी पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत होतो. निरोप आला नाही. संध्याकाळपर्यंत ती "दवाखान्यातल्या भाऊला बोलवा" म्हणत होती, आणि सासू म्हणाली, "मरायचं तर घरात मरंल. पुन्ना बाटायला पाठवायची न्हाई." आम्हाला कळलं ते सरण पेटल्यावर.

ते डाग उमटले नसते तर तिचा जीव बोरीलाच गेला असता. उमटले, म्हणून घरात गेला. ते कुणी उमटवले, दांडीवरून बोटं तिच्या मानेवर कशी गेली, माझा रंग कुठं गेला... नंतर मी किती तरी डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाला, हृदय आपोआप थाऱ्यावर येऊ शकतं. येत असेल. डागांचं विचारलं की हसायचे.

पण मला छळतं ते हे नव्हे. ती मरेपर्यंत मला हाका मारत होती, कारण तिला वाटायचं, त्या दिवशी जीपमध्ये मी हात लावला होता.